जवळ असण्याचं भाडं
पुण्याचा पगार मुरगुडात बसून मिळाला, तर महिन्याला खरंच किती उरतं?

केंद्र सरकारच्या एखाद्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन ५०,००० रुपये आहे असं धरू. तो मुंबईत किंवा पुण्यात नोकरीला असेल, तर त्याला घरभाडे भत्ता म्हणून महिन्याला १५,००० रुपये मिळतात. कोल्हापूर शहरात बदली झाली की तो आकडा १०,००० वर येतो. आणि कागल तालुक्यातल्या मुरगुडात आला, की ५,०००. काम तेच, हुद्दा तोच, मूळ वेतनही तेच. बदललं ते फक्त गाव.

सरकारने यासाठी गावांचे तीन वर्ग पाडले आहेत. पन्नास लाखांवर लोकवस्तीची शहरं ‘एक्स’ वर्गात. देशात अशी आठ, त्यांत महाराष्ट्रातली दोन, मुंबई आणि पुणे. पाच ते पन्नास लाखांची ‘वाय’ वर्गात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, नागपूर यांतलीच. उरलेला सगळा देश ‘झेड’. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये हे दर २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेला तेव्हा, जानेवारी २०२४ पासून, ते ३०, २० आणि १० टक्के झाले. शहराशहरांतल्या राहणीखर्चाची तुलना करणारी संकेतस्थळं आज पैशाला पासरी आहेत, पण आपल्याकडची सगळ्यात सरळ तुलना या सरकारी कोष्टकातच सापडते. आणि तिच्यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. महागाई भत्ता साऱ्या देशात एकाच दराने मिळतो. तूरडाळ, साबण, गॅस यांच्यासाठी मुंबईकराला वेगळं काही मिळत नाही. गावागणिक मोठा फरक सरकार मानतं ते घराच्या भाड्यात.

हा सरकारी ठोकताळा कितपत बरोबर आहे, हे घरून काम करणाऱ्यांच्या पिढीने आता प्रत्यक्ष तपासून पाहिलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईतली, बंगळुरूतली हजारो मराठी मुलं लॅपटॉप घेऊन गावी आली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांसाठीचे जुने जाचक नियम सैल केले, आणि घरून किंवा देशात कुठूनही काम करण्यातला मोठा कायदेशीर अडसर दूर झाला. बरेचजण पुढे परत गेले, काही गावीच टिकले, काही अजून काठावर बसून हिशेब मांडताहेत. तो हिशेब मांडायला मुरगूड चांगलं आहे, कारण ते अगदी खेडं नाही आणि शहर तर नाहीच.

गाव आहे कसं?

वेदगंगेच्या खोऱ्यातलं हे नगरपरिषदेचं गाव. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास. एका अंगाला सर पिराजीराव तलाव. हे पिराजीराव म्हणजे कागलचे घाटगे, राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे भाऊ. एका बाजूला बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना, दुसरीकडे हमीदवाड्याचा मंडलिक कारखाना. त्यामुळे हंगामात रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. जवळच आदमापूर, संत बाळूमामांच्या देवस्थानाचं. अमावस्येला निपाणीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग मुरगुडातूनच पुढे सरकते. गावात शाळा आहेत, सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय आहे, बँका आहेत, पतसंस्था आहेत, आठवडा बाजार आहे, एसटी स्टँड आहे. कोल्हापूर चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि कर्नाटकातलं निपाणी त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर.

म्हणजे रोजच्या जगण्याला लागणारं बहुतेक सगळं चालत जाऊन मिळतं. जे मिळत नाही ते मोजकंच आहे, पण तेच पुढे हिशेबात जड पडतं.

स्वस्त काय, आणि का?

‘गावाकडं सगळं स्वस्त’ असं आपण सरसकट म्हणतो. यादी मांडली की ते तितकंसं खरं ठरत नाही.

मोबाईल, लॅपटॉप, चहापत्ती, बिस्किटं, टूथपेस्ट, औषधाच्या गोळ्या यांवर छापलेली कमाल किरकोळ किंमत देशभर एकच असते. उलट पुण्यात किंवा कोल्हापुरात डी-मार्टसारख्या दुकानात तीच वस्तू छापील किमतीच्या खाली मिळते. मुरगुडातल्या किराणा दुकानदाराची खरेदीच तेवढ्या घाऊक दराने होत नाही, त्यामुळे तो बऱ्याचदा छापील भावालाच देतो. वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ पासून सगळीकडे सारखा. वीज? पुणे आणि मुरगूड दोन्हीकडे महावितरण. घरगुती युनिटचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, आणि तो दोन्हीकडे तोच. वेगळे दर आहेत ते मुंबईच्या मोठ्या भागात, जिथे बेस्ट, अदानी आणि टाटा वीज देतात. पेट्रोल गावात स्वस्त नसतंच. जो थोडा फरक मिळतो तो सीमेपलीकडे निपाणीच्या पंपावर, कारण कर्नाटकाचा कर वेगळा. इंटरनेटचे प्लॅन, मोबाईलचे रिचार्ज, सिनेमांच्या ॲपची वर्गणी यांना तर गाव कुठलं हे माहीतही नसतं.

मग स्वस्त काय? न्हाव्याचं दुकान, कपड्यांना इस्त्री, घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार, हॉटेलातली मिसळ, शाळेची फी, सुताराची मजुरी. आणि मळ्यातून थेट येणारी भाजी, गल्लीतल्या गोठ्यातलं म्हशीचं दूध. ‘गोकुळ’ची तीच पिशवी कोल्हापुरात एका भावाला आणि मुंबईत लिटरमागे काही रुपये जास्त देऊन घ्यावी लागते.

या दोन याद्यांमधला भेद अर्थशास्त्रात जुना आहे. बेला बलास्सा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघांनी १९६४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तो देशांच्या बाबतीत मांडला. जी वस्तू एका जागेहून दुसरीकडे नेऊन विकता येते, तिची किंमत सगळीकडे एका पातळीकडे सरकते. जी सेवा जागच्या जागीच द्यावी लागते, तिची किंमत त्या जागच्या मजुरीवर ठरते. पुण्यातला न्हावी मुरगूडच्या न्हाव्यापेक्षा केस काही दुप्पट चांगले कापत नाही. पण त्याच्या आजूबाजूला आयटीतले पगार आहेत, त्याच्या दुकानाचं भाडं त्या पगारांनी ठरलेलं आहे, आणि कारागीर टिकवायचा तर त्यालाही तसाच पगार द्यावा लागतो. म्हणून कटिंग महाग.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती जरा बोचणारी आहे. गाव स्वस्त आहे याचा मोठा भाग म्हणजे गावातल्या माणसांची मजुरी कमी आहे. बाहेरचा पगार गावात आणणारा माणूस या कमी मजुरीचा फायदा घेत असतो. अशी दहा-वीस माणसं आली तर फरक पडत नाही. हजारोंनी आली तर पडतो. गोव्यात २०२० नंतर आसगाव, शिवोली भागात बाहेरून आलेल्या लॅपटॉपवाल्यांमुळे घरभाडी अशी चढली, की तिथल्याच तरुण जोडप्यांना आपल्या गावात घर परवडेना. मुरगुडावर ती वेळ आलेली नाही. पण स्वस्ताई ही डोंगर-नदीसारखी कायमची गोष्ट नाही, एवढं त्यातून ध्यानात घ्यावं.

एक नमुना हिशेब

आता आकडे मांडू. नवरा-बायको आणि प्राथमिक शाळेत जाणारं एक मूल, असं कुटुंब धरलं आहे. आकडे नमुन्यादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. महत्त्वाची आहे ती मांडणी. खर्चाचे चार गट करायचे: घर, सगळीकडे सारख्या किमतीचा माल, त्या त्या जागच्या सेवा आणि ताजा माल, आणि चौथा, जो कुणीच मांडत नाही, तो अंतराचा खर्च.

पुण्यात, वाकडसारख्या उपनगरात: घरभाडं आणि सोसायटीचा देखभाल खर्च मिळून २८,०००. पाकीटबंद किराणा, वीज, इंटरनेट, पेट्रोल मिळून १७,८००. दूध-भाजी, कामवाल्या मावशी, शाळा, बाहेरचं खाणं-फिरणं मिळून २७,५००. एकूण ७३,३००.

मुरगुडात, वडिलांच्या घरात: घरपट्टी आणि किरकोळ डागडुजी १,५००. सारख्या किमतीचा माल १८,५००. पुण्यापेक्षा थोडा जास्तच, कारण इंटरनेटच्या दोन जोडण्या आणि इन्व्हर्टरची बॅटरी. स्थानिक सेवा आणि ताजा माल १४,०००. आणि अंतराचा खर्च ९,०००: महिन्यातून एकदा पुण्याच्या ऑफिसात हजेरी, तिथे दोन रात्रींचा मुक्काम, कोल्हापूरला डॉक्टर, दुरुस्ती आणि खरेदीच्या फेऱ्या. एकूण ४३,०००.

बचत ३०,३०० रुपये. ती आली कुठून ते पाहण्यासारखं आहे. घराच्या एका ओळीत वाचले २६,५००. स्थानिक सेवांत वाचले १३,५००, पण त्यातले ९,७०० अंतराने आणि जोडखर्चाने परत खाल्ले. म्हणजे घर सोडून बाकीच्या साऱ्या संसारात मिळून महिन्याला ३,८०० रुपयांचाच फरक. घरभाडं बाजूला काढलं, की पुणे आणि मुरगूड यांत राहणीखर्चाचं फारसं अंतर उरत नाही. सरकारी कोष्टक अगदीच ढोबळ असलं, तरी त्याने नेमक्या ओळीवर बोट ठेवलेलं आहे.

मुरगुडात स्वतःचं घर नसलं तरी चित्र फार बदलत नाही. पाच-सहा हजारांत चांगलं घर भाड्याने मिळालं असं धरलं, तर बचत चार-पाच हजारांनी कमी होईल, इतकंच. ग्रामीण भागात भाडं हा खर्च एरवीही नगण्य धरला जायचा. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात शहरी कुटुंबाच्या खर्चात घराला २१.६७ टक्के भार होता. ग्रामीण निर्देशांकात घराला भारच नव्हता. खाण्यापिण्याचा भार मात्र ग्रामीण भागात ५४ टक्क्यांवर, शहरात ३६. हे प्रमाण मुरगूडच्या सर्वसाधारण घराला लागू पडेल. पुण्याचा पगार घेणाऱ्या घराला नाही. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशातला दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. ही तफावत पाहून ‘गावात चाळीस टक्क्यांनी स्वस्त’ असा अर्थ काढणं चूक. गावातली माणसं कमी खर्च करतात, कारण त्यांच्याकडे पैसे कमी असतात. शहरी सवयी घेऊन गावात आलेल्या माणसाचा खर्च त्या सरासरीवर येत नाही.

भाडं कशाचं?

पुण्यातले ते २८,००० रुपये नेमके कशासाठी मोजतो आपण? दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी बांधायला वाकडात आणि मुरगुडात सिमेंट-लोखंड जवळजवळ सारख्याच भावाने लागतं. फरक आहे तो जमिनीचा. आणि जमिनीची किंमत ठरते ती ती कशाच्या जवळ आहे यावरून. अमेरिकन अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्येच हे सूत्रात मांडलं: रोजगाराच्या केंद्रापासून जितकं दूर जावं तितकं भाडं उतरतं, आणि जाण्यायेण्याचा वेळ व पैसा चढतो. माणूस या दोहोंची बेरीज सांभाळत घर निवडतो. थोडक्यात, शहरातलं भाडं हे मुख्यतः जवळ असण्याचं भाडं असतं.

हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना सूत्राशिवायही कळलेलं होतं. भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड या तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला माणूस लालबाग-परळमध्ये गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत राहायचा. पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं, एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच जागी आडवं व्हायचं. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांनीच पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणीच्या भोंग्याजवळ असण्यासाठी लागेल तेवढीच, म्हणजे अंग टेकण्यापुरती जागा त्याने मुंबईत घेतली. बायको, मुलं, म्हातारी माणसं, म्हैस, शेत हे सगळं गावी ठेवलं, आणि मनीऑर्डरने पैसे धाडले. कमाई मुंबईच्या भावाने, संसार गावच्या भावाने. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हे गणित कोलमडलं, कारण पगार थांबला की जवळ असण्याला काही अर्थ उरत नव्हता.

आजचा मुरगूडचा मुलगा माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, तेव्हा तो त्याच गणिताची पुढची पायरी चढलेला असतो. त्याला अंगापुरतीही जागा शहरात घ्यावी लागत नाही. पण म्हणून जवळ असण्याची गरज संपली का? ऑफिसच्या जवळ असण्याची गरज कमी झाली, हे खरं. पुण्याच्या भाड्यात आणखी तीन गोष्टींचं जवळ असणं मिसळलेलं आहे, ते वेगवेगळं करून तपासायला हवं.

पहिली, पुढची नोकरी. पुण्यात एक नोकरी गेली तर पंधरा किलोमीटरच्या आत शंभर कंपन्या असतात, ओळखीतून बोलावणं येतं. मुरगुडात नोकरी गेली तर त्याच पगाराची दुसरी नोकरी गावात नसते. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आहे, पण ती वेगळ्या कसबाची आणि वेगळ्या पगाराची. दूरचं काम देणाऱ्या कंपन्यांचं मनही स्थिर नाही. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्केच माणसं ऑफिसात लागतील. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून माणसांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. काही कंपन्या तर राहत्या गावावरून पगारच ठरवतात. गिटलॅब ही कंपनी पूर्णपणे दूरस्थ चालते, पण पगाराच्या सूत्रात माणूस कुठे राहतो याचा गुणक घालते. गूगलने २०२१ मध्ये आपल्या माणसांना गाव बदललं तर पगार किती होईल हे दाखवणारं गणकयंत्रच दिलं. वरच्या हिशेबात पगार १,२०,००० धरला आणि गावी गेल्याबद्दल दहाच टक्के कापले, तर ३०,३०० ची बचत १८,३०० वर येते.

दुसरी, दवाखाना. तापाला, खोकल्याला, बाळंतपणालाही मुरगूड-निपाणी पुरतं. हृदयाचं किंवा मेंदूचं काही झालं तर गाडी कोल्हापूरकडेच पळवावी लागते, सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगीत. घरात साठी ओलांडलेले आईवडील असतील तर हा तासभराचा प्रवास हिशेबात धरावाच. गंमत अशी, की बरीच मुलं गावी येतात ती याच आईवडिलांसाठी. मुलगा पुण्यात असता तर म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं. तो गावी आला, म्हणजे त्यांच्यासाठी जवळ असणं वाढलं. हा फायदा रुपयांत मांडता येत नाही, पण तो खरा आहे आणि बऱ्याच घरांत निर्णय त्यावरच होतो.

तिसरी, मुलाचं शिक्षण. दहावीपर्यंत मुरगुडात काही अडत नाही. अकरावी-बारावीला नीट-जेईईच्या शिकवण्या सुरू झाल्या, की कोल्हापूरला खोली घ्यावी लागते. म्हणजे जवळ असण्याचं भाडं चुकत नाही, पुढे ढकललं जातं.

याच हिशेबाने कोल्हापूर शहर मधला पर्याय म्हणून पुढे येतं. तोच नमुना तिथे मांडला: घर १२,०००, सारखा माल १७,५००, स्थानिक सेवा २०,०००, पुण्याच्या फेऱ्या ५,०००, एकूण ५४,५००. पुण्यापेक्षा १८,८०० ची बचत, आणि दवाखाना, शिकवण्या, रेल्वे, विमानतळ हाताशी. मुरगूड त्याहून ११,५०० ने स्वस्त. म्हणजे कोल्हापूर की मुरगूड हा प्रश्न महिन्याच्या साडेअकरा हजारांचा, आणि तेवढ्याच पैशांत काय जवळ येतं याचा. मात्र कोल्हापूरही आहे तिथेच थांबणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या वकील-पक्षकारांना आता कोल्हापुरात मुक्कामाची जागा हवी आहे. जवळ असण्याला नवं कारण मिळालं, की भाडं त्या दिशेने सरकतंच.

वेळेचा जमाखर्च

पैशाइतकाच मोठा आकडा वेळेचा. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत मंद शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. ऑफिस बारा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन रोज एक तास वीस मिनिटं, महिन्याच्या बावीस दिवसांत एकोणतीस तास. मुरगुडात हे सगळे तास हातात राहतात. निदान कागदावर.

प्रत्यक्षात गाव त्यातले बरेच मागून घेतं. ‘काय रं, आज सुट्टी व्हय?’ हा प्रश्न पहिल्या वर्षी रोज येतो. घरात बसलेला माणूस रिकामाच, हा गावाचा पक्का समज. बारसं, साखरपुडा, मयत, यात्रा, बँकेतलं काम, आत्याला निपाणीला सोडणं, सगळ्याला हाक त्यालाच. शहरात या कामांना मुळात कुणी बोलवत नाही. गावात त्या हाकेला ओ देण्यातच आपलं माणूसपण असतं, आणि अडीअडचणीला हीच माणसं धावून येतात. म्हणून याला निव्वळ खर्च म्हणता येत नाही. पण दुपारी दोनची मीटिंग आणि दोनचीच अक्षता एका दिवशी आली, की चिमटा बसतो.

सुनेच्या वाट्याला तर वेगळंच गाव येतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दार लावून काम करणारी मुलगी सासरच्या मोठ्या घरात आली, की लॅपटॉप उघडायच्या आधी भाकरी, चहाच्या चार फेऱ्या आणि आल्यागेल्याचं बघणं तिच्याकडे येतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांचा ८८ मिनिटं. वरच्या नमुन्यात मुरगुडात स्थानिक सेवांत जी बचत दाखवली आहे, तिच्यात कामवालीचा खर्चही आहे. ती बचत कुणाच्या हातांनी होते, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा उघड बोलून घ्यावं. सासूबाई मुलाला सांभाळतात म्हणून पाळणाघराचा खर्च वाचतो, तेही तसंच. रुपयांच्या रकान्यात शून्य दिसलं, तरी ते काम कुणीतरी करतच असतं.

वीज, तार आणि पाऊस

दूरच्या कामाला लागतं काय? व्हिडिओ मीटिंगला चांगल्या दर्जासाठीही सेकंदाला तीन-चार मेगाबिटचा वेग दोन्ही बाजूंनी पुरतो. शंभर मेगाबिटच्या फायबरपुढे हे काहीच नाही. अडचण वेगाची नसते, सलगतेची असते. मोठ्या शहरात एक तार तुटली तर कंपनीला दुसऱ्या वाटेने सेवा फिरवता येते. लहान गावात येणारी मुख्य तार अनेकदा एकच असते. रस्ता रुंद करताना जेसीबीचा पंजा लागला, की सगळी गल्ली बंद. म्हणून अनुभवी माणसं दोन वेगळ्या कंपन्यांची सेवा घेतात, एक तारेची आणि एक मोबाईल टॉवरवरची, आणि दोन्हींचे टॉवर-तारा एकाच खांबावरून येत नाहीत ना, तेही पाहून घेतात. राउटर तर अगदी छोट्या बॅटरीवर तीन-चार तास चालतो. त्यासाठी मोठा इन्व्हर्टर लागत नाही. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असतेच. पण शेजारच्या टॉवरची बॅटरी संपली तर आपल्या इन्व्हर्टरचा उपयोग शून्य, हे पावसाळ्यात कळतं.

आणि वेदगंगेच्या खोऱ्यातला पावसाळा काही मामुली नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळुरू महामार्गावर आलं, तिकडे कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं. महामार्ग दोन्हीकडून तुटला. अशा आठवड्यात ऑफिस, दवाखाना, रेल्वे स्टेशन हे सगळं किलोमीटर तेच राहूनही एकदम लांब जातं. वरच्या हिशेबातला अंतराचा खर्च हा वर्षाची सरासरी आहे. त्याचा खरा चटका दोन-चार दिवसांतच बसतो.

ठरवायचं कसं?

राहणीखर्चाचा एकच आकडा देणारी कोष्टकं या कामाला पुरत नाहीत, कारण ती घर, माल, सेवा आणि अंतर एकत्र कालवून टाकतात. मुरगूड पुण्यापेक्षा इतके टक्के स्वस्त, हे विधान प्रत्येक घरासाठी वेगळं असतं. पुण्याचं भाडं भरून ज्याला त्या जवळ असण्यातलं जवळजवळ काहीच वापरावं लागत नाही, म्हणजे नोकरी पक्की दूरस्थ, मूल लहान किंवा नाहीच, कसब असं की पुढची नोकरीही कुठूनही मिळेल, आईवडील गावी, त्याच्यासाठी मुरगूड फायद्याचं. ज्याचं काम ओळखीपाळखीवर चालतं, ज्याचं मूल नववीत आहे, ज्याची कंपनी दर सहा महिन्यांनी धोरण बदलते, त्याने भाडं वाचवलं तरी ते दुसऱ्या वाटेने भरावं लागणारच. अशाने कोल्हापूरचा विचार आधी करावा. आणि वाचलेल्या पैशातून निदान सहा महिन्यांचा संसार चालेल एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत बचतीला बचत म्हणू नये. नोकरी गेली तर पुण्याला परतण्याची अनामत, दलाली आणि टेम्पोचं भाडं त्यातूनच जाणार आहे.

आजमावून पाहायचं असेल तर दिवाळीत येऊ नये. दिवाळीत ऊस उभा असतो, पाहुणे असतात, फराळ असतो, रस्ते कोरडे असतात, कंपनीलाही सुट्टी असते. तेव्हा कुठलंही गाव राहण्यालायकच वाटतं. बायको-मुलासकट, दोघांची कामं चालू ठेवून, आषाढ-श्रावणाचे सहा-आठ आठवडे मुरगुडात काढावेत. किती मीटिंगा तुटल्या, कोल्हापूरला किती फेऱ्या झाल्या, स्वयंपाकघरात कुणाचे किती तास गेले आणि खात्यावर शेवटी काय उरलं, ते चार रकान्यांत लिहून ठेवावं. त्या कागदावर फायदा दिसला, तर पुण्याच्या घरमालकाला एक महिन्याची नोटीस द्यायला हरकत नाही.